स्वस्त गिटारीचा सूर



पेटी आणि तबला ही आपल्या मंडळ्यांतील जुनी जोडी. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने याच जोडीच्या साथीने पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली आणि आजही ती याच साथीने अधिक गोड लागतात, असे माझे प्रामाणिक मत आहे. तथापि शब्बाथ शाळेत व तरुण संघात गिटारीने आपले स्थान मिळवले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती उचलून आंब्याखाली नेता येते. वाजवणाऱ्याला उभे राहून मुलांकडे तोंड करून गाता येते. पेटी वाजवणारा बिचारा खाली बसतो आणि मागच्या रांगेत काय चालले आहे ते त्याला दिसतच नाही!

म्हणून लहान मंडळी असो की सामान्य मिळकतीचे कुटुंब, एक गिटार घेतली जाते. ती अर्थातच स्वस्तातली, चार-पाच हजार रुपयांची असते. पहिला महिना उत्साहात जातो. मग मुलाच्या डाव्या हाताच्या बोटांना वळ उठू लागतात. तारा दाबताना हात दुखतो आणि इतके दाबूनही सूर पेटीशी जुळत नाही. तिसऱ्या महिन्यात घरातले वडीलधारे म्हणतात, ‘याच्या हातात कलाच नाही.’ गिटार कपाटावर जाते आणि मूलही ते वाक्य आपल्याविषयीचे सत्य म्हणून स्वीकारते. पुष्कळ वेळा दोष मुलात नसून त्या गिटारीच्या एका तुकड्यात, तोही एका मिलिमीटरचा असतो. शिक्षकांनी हा पाठ त्या दृष्टीने वाचावा. मुलाला ‘तुला जमत नाही’ असे सांगण्यापूर्वी त्याचे वाद्य तपासणे हे शिक्षकाचे काम आहे.

आता स्वस्त गिटारीत काय बदलता येते आणि काय येत नाही, हे पाहू.

जे बदलता येत नाही ते आधी सांगतो, म्हणजे अपेक्षा वाजवी राहतील. गिटारीचा आवाज मुख्यतः तिच्या वरच्या फळीतून येतो. तार स्वतः फार थोडी हवा हलवते. तिचा थरथराट ब्रिजमधून फळीत उतरतो आणि फळी ती हवा हलवते. स्पेनमधील थोर कारागीर आंतोनियो दे तोर्रेस याने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची पाठ व बाजू त्याने कागदाच्या लगद्याच्या केल्या, वरची फळी मात्र उत्तम स्प्रूस लाकडाची ठेवली. आवाज कोठून येतो हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयात आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली याच्याशी जुळणारी गोष्ट दाखवली. पाठीचे व बाजूंचे लाकूड तेवढे वेगळे अशा सहा गिटारी त्यांनी ५२ वादकांना, कोणती कोणती हे कळू न देता, वाजवायला दिल्या. वादकांना त्यांत फारसा फरक सांगता आला नाही. तेव्हा ‘पाठीला रोजवूड आहे’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नमस्कार करावा.

स्वस्त गिटारीची वरची फळी प्लायवुडची असते. प्लायवुड कडक असते आणि अखंड फळीसारखे मोकळेपणाने हलत नाही. हा तिचा जन्मजात स्वभाव आहे आणि कोणताही सुटा भाग घालून तो बदलणार नाही. परंतु त्या प्लायवुडपर्यंत तारेचा थरथराट नीट पोचतो का, तार योग्य उंचीवर आहे का, सूर जागच्या जागी राहतो का, हे सारे आपल्या हातात आहे. आणि स्वस्त गिटार बिघडलेली असते ती बहुधा येथेच. कारखान्यात फळी यंत्रावर कापली जाते, पण तारांच्या खाचा व उंची यांचे अखेरचे काम हाताने आणि सावकाश करावे लागते. स्वस्त मालात वाचवला जातो तो हाच वेळ.

मिरजेला आपल्यापैकी अनेकांचे मिशन इस्पितळामुळे जाणे झाले असेल. त्याच गावात सतार व तंबोरा बनवणाऱ्यांची पेठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फरीदसाहेब यांनी या कामास आरंभ केला. त्यांचा समाज शिकलगारांचा, म्हणजे तलवारी व शस्त्रे यांना धार लावणाऱ्यांचा. शस्त्रांचे दिवस सरले आणि ते हात वाद्यांकडे वळले. यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्यांना येथे काय आठवेल ते सांगायला नको. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेथे एखाद्या कारागिराजवळ अर्धा तास बसून पाहावे. भोपळा आणि दांडी तयार झाली म्हणजे तंबोरा झाला असे तो मानत नाही. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा तो कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. बोटाच्या पेराएवढ्या जागेतले हे काम, परंतु जवारी नसलेला तंबोरा आणि जवारी काढलेला तंबोरा यांत बहिरा व बोलका एवढे अंतर पडते. पूर्वी या घोडीसाठी सांबरशिंग वापरीत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाल्यावर उंटाचे हाड व इतर पदार्थ आले.

गिटारीला सतारीसारखी झणझण नको असते, तिला स्वच्छ सूर हवा असतो. तत्त्व मात्र तेच आहे. तारेची दोन टोके जेथे टेकतात तेथे वाद्याचे नशीब ठरते. गिटारीत वरच्या टोकाच्या, म्हणजे किल्ल्यांच्या बाजूच्या आधाराला नट म्हणतात आणि खाली ब्रिजमध्ये बसवलेल्या पांढऱ्या पट्टीला सॅडल म्हणतात. स्वस्त गिटारीत हे दोन्ही प्लास्टिकचे असतात, कित्येकदा आतून पोकळ.

हा फरक वर्गात मुलांना दाखवता येतो. चपलांचे रिकामे खोके घ्यावे, त्यावर एक रबर ताणून बसवावे आणि रबराखाली पेन्सिल आडवी घालून छेडावे. मग पेन्सिल काढून तिच्या जागी खोडरबर घालावे. ताण तोच, खोके तेच, पण दुसरा आवाज मेलेला वाटतो. मऊ पदार्थ थरथराट गिळतो, कठीण पदार्थ तो खोक्यापर्यंत पोचवतो. लहान मुलांनाही हे लगेच समजते, आणि मोठ्यांनी हा प्रयोग करून पाहावयास हरकत नाही.

दोष कोठे आहे ते कसे ओळखावे

काही विकत घेण्यापूर्वी दोषाचे मूळ शोधावे. येथे घाई करणारा माणूस नवीन किल्ल्या आणतो आणि दोष नटमध्ये निघतो.

सर्व तारा जुळवून घ्याव्यात. आता पहिल्या पडद्यावर कॅपो लावून साधे सूरसमूह वाजवून पाहावे. कॅपोमुळे नटचे काम पडद्याकडे जाते. कॅपो लावल्यावर हात हलका झाला आणि सूर शुद्ध लागू लागले, तर अपराधी नट आहे. त्याच्या खाचा उथळ कापलेल्या असतात, त्यामुळे तारा पहिल्या पडद्यापासून फार उंच राहतात. उंच तार दाबली की ती ताणली जाते आणि ताणलेल्या तारेचा सूर चढतो. म्हणून मोकळी तार पेटीशी अगदी जुळते, पण पहिल्या पडद्यावरचा सूर चढा लागतो. मुले त्या चढ्या सुरामागे जातात, पेटी आपल्या जागी राहते आणि पाळकसाहेब दोघांच्या मध्ये सापडतात!

दुसरी परीक्षा उंचीची. बाराव्या पडद्यावर तार व पडदा यांतील अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. जाड सहाव्या तारेला सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेला सुमारे दोन मिलिमीटर असावे. स्वस्त गिटारीत ते चार मिलिमीटर सापडले तरी आश्चर्य नको. दहा वर्षांच्या मुलाच्या बोटाला वळ उठतात ते येथे. परंतु लगेच कानस उचलू नये. आधी दांडी वाकली आहे का ते पाहावे. सहावी तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथे पेटीला मिळते तेथील पडद्यावर, अशी दोन्हीकडे एकदम दाबून धरावी. ही ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टी. मधल्या भागात तार व पडदा यांच्यात पोस्टकार्ड शिरेल एवढी फट असणे ठीक आहे. नाणे शिरू लागले तर दांडी पुढे वाकली आहे. दांडीत आतून लोखंडी सळई असेल तर ती किल्लीने पाव फेरा आवळून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. एका बैठकीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीही आवळू नये. काही जुन्या देशी गिटारींत ही सळई नसतेच. तेथे हलक्या तारा वापरणे हाच मुख्य उपाय आहे.

तिसरी परीक्षा बाराव्या पडद्यावरच्या सुराची. सुटी तार सुमारे पासष्ट सेंटिमीटर असते आणि बारावा पडदा तिच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तेथे तोच सूर वरच्या सप्तकात मिळावा. बोट नुसते टेकवून निघणारा घंटेसारखा सूर आणि तार दाबून निघणारा सूर एक असावेत. दाबलेला सूर चढा असेल तर तार उंच आहे, किंवा जुनी होऊन गंजली आहे, किंवा सॅडल चुकीच्या जागी टेकते. पहिली दोन कारणे आपण दूर करू शकतो. तिसरे कारण असेल तर सॅडलचा माथा थोडा दांडीकडे उतरता घासून काही सुधारणा होते, पूर्ण होत नाही.

तारा

सर्वांत आधी तारा बदलाव्यात. दुकानात टांगलेल्या गिटारीच्या तारा महिनोन्‌महिने तशाच असतात आणि आमच्या कोकणपट्टीच्या हवेत नुसत्या टांगलेल्या पोलादालाही गंज चढतो. जाड तारांवर जे वेटोळे असते ते दोन प्रकारांत मिळते. ज्याला ऐंशी-वीस ब्राँझ म्हणतात त्यात ८० टक्के तांबे व २० टक्के जस्त असते, आणि त्याचा सूर उजळ असतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांबे सुमारे ९२ टक्के व बाकी बहुतांशी कथील असते. त्याचा सूर किंचित गोलसर असून तो या हवेत जास्त टिकतो. प्लायवुडच्या गिटारीचा आवाज मुळातच थोडा पातळ व टणक असतो, म्हणून मी फॉस्फर ब्राँझ सुचवीन.

जाडीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. पहिल्या तारेच्या जाडीवरून संचाला ‘दहा’, ‘अकरा’, ‘बारा’ असे म्हणतात. इंचाचे तितके हजारांश, असा त्याचा अर्थ. बाराच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या ब्रिजला लोंबकळत आहे असे समजा. दहाच्या संचाचा ताण साठ किलोच्या आत राहतो. जाड तारांनी आवाज मोठा होतो हे खरे, परंतु मुलांच्या गिटारीवर दहाचाच संच लावावा. आवाज थोडा कमी निघाला तरी चालेल, मूल वाजवत राहिले पाहिजे.

एक इशारा. नायलॉनच्या तारांची गिटार वेगळी असते. तिची दांडी रुंद असते, किल्ल्यांच्या मधोमध दोन लांब खाचा असतात आणि ब्रिजवर तारा गाठ मारून बांधतात. तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. ती वेगळ्या, हलक्या ताणासाठी केलेली असते, पोलादाच्या ताणाने ब्रिज उपटून येतो किंवा वरची फळी फुगते. बाजारात दोन्ही गिटारी शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात आणि देणगी देणाऱ्याला फरक ठाऊक नसतो.

आखातातून सुटीवर येणारा भाऊ ‘मंडळीसाठी काय आणू?’ असे विचारतो. मोपा पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागल्याने आमच्याकडे हा प्रश्न अगदी दारात येतो. ‘तारांचे चार संच’ असे सांगावे. वजन नाही, जागा नाही, आणि वर्षभराची सोय होते.

हाडाचा तुकडा

आता मुख्य बदल. प्लास्टिकचा नट व सॅडल काढून हाडाचे बसवावेत. हाड कठीण व घट्ट असते, चांगली पॉलिश घेते आणि त्यावरून तार सहज सरकते. सॅडल सुमारे सात-साडेसात सेंटिमीटर लांब व तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. नट सुमारे त्रेचाळीस मिलिमीटर लांब असतो. जुना तुकडा सोबत नेऊन मापाचे तयार हाड वाद्यांच्या दुकानातून आणता येते. ज्यांना हौस आहे त्यांनी खाटकाकडून म्हशीच्या नळीचे जाड हाड आणावे. ते उकळून मांस व मज्जा काढावी, साबणाच्या पाण्यात काही दिवस ठेवून चरबी घालवावी, उन्हाऐवजी सावलीत नीट वाळवावे आणि करवतीने पट्टी कापावी. चरबी राहिली तर हाड पिवळे पडून वास सुटतो. कापताना व घासताना नाकातोंडावर फडके बांधावे, हाडाची धूळ छातीला वाईट.

सॅडल घासण्याचा हिशेब सोपा आहे, पण मनात ठसवून ठेवावा. बारावा पडदा तारेच्या मध्यावर आहे. म्हणून तेथे तार एक मिलिमीटर खाली यावी असे वाटत असेल, तर सॅडल दोन मिलिमीटर कमी करावा लागतो. नेहमी खालच्या बाजूने घासावे, माथ्याला हात लावू नये. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर सॅडल सरळ धरून पुढेमागे न्यावा. तळ अगदी सपाट झाला पाहिजे. सपाट नसलेला हाडाचा सॅडल सपाट प्लास्टिकपेक्षा वाईट वाजतो, कारण तो ब्रिजला दोन-तीन ठिकाणीच टेकतो आणि थरथराट वाटेतच अडतो. तो खाचेत बोटाने दाबून बसेल इतका घट्ट हवा. सैल असून पुढे झुकत असेल तर आवाजही जातो व सूरही. एकदा घासलेले परत भरून येत नाही, तेव्हा पाव-पाव मिलिमीटर घासून तारा चढवून पाहावे. कंटाळवाणे काम आहे. मिरजेचे कारागीर काय करतात ते आठवावे.

नटच्या खाचा याहून नाजूक. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावर पाहावे. तेथे साधा कागद सरकेल एवढीच फट राहावी. खाचा कापण्याच्या खास कानशी महाग असतात. गॅस वेल्डिंगवाले नोझल साफ करायला जो बारीक तारांचा जुडगा वापरतात तो हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो, आणि तारेच्या जाडीप्रमाणे त्यातील एक एक घेऊन काम होते. खाच किल्ल्यांच्या बाजूला किंचित उतरती ठेवावी, म्हणजे तार दांडीकडच्या कडेवरच टेकते. हे काम हाताला वळण असलेल्या माणसाने करावे. आमच्या पेडणे भागाला सावंतवाडी जवळ आहे. तेथील लाकडी खेळण्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या केसभर फरकाचे काम करत आले आहेत. गिटार न वाजवणारा असा कसबी माणूस, आपण नीट समजावून सांगितले तर, अर्धवट गिटारवाल्यापेक्षा हे काम चांगले करतो.

किल्ल्या, खिट्ट्या आणि इतर

गिटार सुटली, म्हणजे सूर उतरला, की सारे किल्ल्यांना दोष देतात. पुष्कळदा त्या निर्दोष असतात. सूर लावताना नटपाशी ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का ते ऐकावे. तसे असेल तर तार खाचेत अडकते आहे. साध्या शिसपेन्सिलीचे टोक त्या खाचेत घासावे, पेन्सिलीतील ग्रॅफाइट वंगणाचे काम करते. तार किल्लीवर दोन-तीन वेढेच घ्यावी, एकावर एक चढलेले दहा वेढे दिवसभर सैल होत राहतात. आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावावा.

एवढे करूनही किल्ली उलट फिरवताना पाव फेरा रिकामा जात असेल, तर दाते झिजले आहेत आणि किल्ल्या बदलण्यास हरकत नाही. त्यांवर १४:१, १८:१ असे आकडे असतात. किल्लीचे तितके फेरे झाले की तारेचा खुंट एकदा फिरतो, म्हणून मोठा आकडा बारीक जुळवणीस बरा. घेण्यापूर्वी जुन्या भोकांचा व्यास व स्क्रूंमधील अंतर मोजून न्यावे. न जुळणाऱ्या किल्ल्यांसाठी नवी भोके पाडल्यास लाकूड चिरते.

तारा अडकवण्याच्या खिट्ट्या पितळेच्या किंवा हाडाच्या करण्याची सध्या हौस दिसते. त्याने होणारा फरक फार थोडा आहे. ते पैसे पुढच्या तारांसाठी ठेवावेत.

गिटार ध्वनिक्षेपकाला जोडण्यासाठी सॅडलखाली बसणारी पिकअप पट्टी मिळते. दाब पडला की वीज निर्माण करणाऱ्या पदार्थाचा हा उपयोग आहे. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला. सॅडलचा तळ सपाट नसेल तर एक तार ओरडते व दुसरी ऐकूच येत नाही. वीस-पंचवीस माणसांच्या उपासनेत मात्र हिची गरज काय, हे मला कळलेले नाही.

पावसाळा

हा मजकूर मोपा येथून लिहीत असल्याने पावसाविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या पठारावर धुके व वारा यांमुळे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तेथे गिटारीचे काय? हवेतली सुमारे पन्नास टक्के आर्द्रता गिटारीला मानवते, आणि येथे ती नव्वदीवर जाते. लाकूड ओल शोषून आडव्या अंगाने फुगते. वरची फळी पोटासारखी पुढे येते, तिच्याबरोबर ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. मे महिन्यात सुरेख वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये बोटांना टोचू लागते ती यामुळे.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सॅडल घासून कमी करू नये. पाऊस संपून हवा कोरडी झाली की फळी खाली बसते, आणि मग तारा पडद्यांना लागून खरखरतात. नोव्हेंबरात माप घेऊन मुख्य सॅडल करावा आणि पावसाळ्यासाठी थोडा ठेंगणा दुसरा सॅडल करून ठेवावा. दोन तुकडे, दोन ऋतू. पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नये, भिंत घामेजते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात. पेटी नसेल तर ज्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून जुना तारेचा बल्ब लावतात तेथे ती ठेवावी, मात्र बल्बपासून दूर. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून व खालून पुसावी. एवढ्या एका सवयीने तारांचे आयुष्य सहज दुप्पट होते. हिची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

वाद्याचा भाग बदलला की वाद्य आपले राहात नाही, असे काही जुन्या मंडळींना वाटते. त्यांनी आमच्या घुमटाकडे पाहावे. या मातीच्या वाद्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे कातडे चढवतात. जाणते लोक म्हणतात की बकऱ्याच्या कातड्याचा नाद थोडा वेगळा लागतो. तरीही चतुर्थीच्या आरतीला आणि मांडोच्या साथीला घुमट घुमतेच आहे, आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मानही दिला.

पेटीशी जुळवणी

एवढे काम झाले की गिटार पेटीजवळ आणावी. पेटीचे स्वर आपण रोज बदलू शकत नाही, म्हणून गिटार पेटीला लावायची, उलट नव्हे. गायक ‘काळी एक’ म्हणाला तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून ‘पांढरी एक’चे सूरसमूह वाजवावे, ‘काळी दोन’ म्हणाला तर तिसऱ्या पडद्यावर. कॅपो लावल्यावर तारा पुन्हा एकदा पेटीशी ताडून पाहाव्यात, कारण स्वस्त कॅपो जोराने आवळतो व सूर थोडा चढवतो. शिवाय साथ करताना पेटीच्या मागे राहावे. भजनाच्या प्रत्येक मात्रेवर तारा खरडण्याची काही तरुणांना खोड असते. त्याने शब्द बुडतात.

खर्चाविषयी शिक्षक विचारतील. पाच हजारांच्या गिटारीवर तारा, हाडाचे दोन तुकडे व मजुरी मिळून हजार-बाराशेच्या आसपास खर्च योग्य आहे. किल्ल्या धरून तो निम्म्या किमतीपर्यंत जाऊ लागला, तर थांबावे व अखंड फळीच्या गिटारीसाठी पैसे साठवू लागावे. दांडी पिळलेली असेल किंवा ब्रिज उखडू लागला असेल, तर तिच्यावर एक रुपयाही घालू नये.

काढलेले प्लास्टिकचे तुकडे टाकू नयेत. हाडाचा सॅडल ऐन नाताळात तडकला तर तेच उपयोगी पडतील. ते एका पाकिटात घालावेत, वर गिटारीचे माप व तारांचा नंबर लिहावा. गिटारीच्या भोकातून आत दिसेल अशी कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तारा बदलल्याची तारीख लिहीत जावी, आणि गिटार सध्या कोणाच्या घरी सरावासाठी दिली आहे त्या मुलाचे नाव शब्बाथ शाळेच्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर असावे.